थॉइंग युनिट घ्यावं की थर्मासच बरा? कांडी वितळवण्याच्या साधनांचं परीक्षण

गोठवलेल्या रेताची कांडी, म्हणजे रेत भरलेली प्लॅस्टिकची बारीक नळी, कोमट पाण्यात वितळवायचा बारा व्होल्टवर चालणारा डबा, म्हणजेच इलेक्ट्रिक थॉइंग युनिट, घ्यावं का, हा प्रश्न दारोदार कृत्रिम रेतन करणाऱ्या मंडळींना कधी ना कधी पडतोच. उत्तर आधीच सांगून टाकतो. केंद्रावर बसून काम असेल किंवा चारचाकीतून फिरून दिवसाला आठ-दहा गाई-म्हशी भरत असाल, तर घ्या, उपयोग होईल. दुचाकीवर असाल तर रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास आणि खरं तापमान दाखवणारा थर्मामीटर एवढ्यात तेच काम तितकंच चांगलं होतं. आणि यूएसबीवर चालणारे जे खिशात मावणारे छोटे युनिट हल्ली विकायला येतात, ते घेऊ नका. कारणं पुढे देतो.

आधी या डब्याकडून आपल्याला नेमकं काय हवंय ते बघू. द्रवरूप नायट्रोजनमध्ये कांडी उणे १९६ अंशांवर असते. तिथून ती ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद ठेवायची, हा आपल्याकडचा नियम सगळ्यांना पाठ असतो. हे पटकन का उरकायचं, हे मात्र बऱ्याच जणांना नीट सांगितलेलं नसतं. ग्लिसरॉल घातलं की गोठवलेले शुक्राणू जगतात, हे १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी दाखवलं; तेव्हापासून रेत गोठवण्याचं सगळं तंत्र त्यावर उभं आहे. पण ग्लिसरॉल असलं तरी कांडीत बर्फाचे सूक्ष्म स्फटिक असतातच. उणे ५० ते उणे १५ अंशांच्या पट्ट्यातून कांडी रेंगाळत वर आली, तर हे बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि शुक्राणूंची आवरणं फाडतात. हा पट्टा झपाट्याने ओलांडायचा, म्हणून पाणी. हवेतून उष्णता फार सावकाश जाते. कांडी मुठीत धरून, खिशात ठेवून किंवा थेट गनमध्ये (कांडी बसवून रेत गाईच्या गर्भाशयात सोडायची धातूची नळी) घालून वितळू दिली, तर ती नेमकी त्याच पट्ट्यात रेंगाळते. परदेशात काही कंपन्या खिशात वितळवायला चालेल असं खास प्रक्रिया केलेलं रेत विकतात. आपल्याकडच्या नेहमीच्या कांडीला ते लागू नाही.

मग पाणी आणखी गरम का नको? प्रयोगशाळेत ७० अंशांच्या आसपासच्या पाण्यात मोजून काही सेकंद कांडी बुडवून वितळवतात आणि निकालही चांगले येतात. पण तिथे एक-दोन सेकंद जास्त झाले की सगळं संपलं. गोठ्यात गाय एकीकडे उड्या मारतेय, मालक दावं धरून उभा आहे, अशा वेळी ही चैन परवडत नाही. ३७ अंशांची खुबी अशी की इथे चूक झाली तरी सावरता येते: ३० ऐवजी ४५ सेकंद झाले म्हणून काही बिघडत नाही.

आता युनिट. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक युनिटची घडण सारखीच असते: प्लॅस्टिकचा किंवा स्टीलचा डबा, आत पाण्याची विहीर, तळाशी हीटर, थर्मोस्टॅट, वर झाकण, पुढे आकडा दाखवणारी पट्टी किंवा नुसते दोन दिवे. वीज १२ व्होल्टची, म्हणजे गाडीच्या लायटर सॉकेटमधून किंवा घरच्या अडॅप्टरवरून. बहुतेकांत चारशे ते सहाशे मिली पाणी मावतं, आणि हा आकडा बाकी सगळ्या जाहिरातीपेक्षा महत्त्वाचा आहे.

का, ते ढोबळ हिशेबाने बघा. पाव मिलीची एक कांडी उणे १९६ वरून ३७ अंशांवर आणायला साधारण २०० ज्यूल उष्णता लागते. ती पाण्यातूनच जाते. अर्धा लिटर पाण्यात एक कांडी टाकली की पाणी एक दशांश अंशाने उतरतं. दहा कांड्या एकदम टाकल्या तरी फार तर एक अंश. तेच पाणी १०० मिली असेल तर एका कांडीला अर्धा अंश जातो, आणि चार कांड्या टाकल्या की पाणी ३५ वर येतं. शिवाय नायट्रोजनमधून निघालेला चिमटा पाण्यात बुडवायची सवय असेल तर त्याचा गारवा वेगळा. तेव्हा विहीर जितकी मोठी तितकं तापमान स्थिर, मग थर्मोस्टॅट कितीही भारी असो. खिशातले युनिट इथेच नापास होतात.

त्यांचा दुसरा प्रश्न विजेचा. अर्धा लिटर पाणी २० वरून ३७ अंशांवर न्यायला सुमारे ३६ हजार ज्यूल लागतात. ६० वॅटचा हीटर हे काम दहा मिनिटांत करतो. पॉवर बँकेच्या पाच व्होल्ट, दोन अँपिअरमधून मिळतात १० वॅट. म्हणजे तासभर, आणि तेही डब्यातून उष्णता बाहेर जात नाही असं धरून. म्हणून ते युनिट वाटीभर पाण्यावर भागवतात. दुचाकीच्या बॅटरीवर १२ व्होल्टचं युनिट लावायचा मोहही टाळा. पाच अँपिअर-तासांच्या बॅटरीतला सहावा हिस्सा एकदा पाणी तापवण्यात जातो, मग पाणी तापतं ठेवायला थोडा-थोडा जातच राहतो. थंडीच्या सकाळी चौथ्या गोठ्याबाहेर किक मारत बसायची वेळ येते.

विहिरीची खोलीही मोजून घ्या. कांडीची लांबी १३३ मिलिमीटर. ती उभी पूर्ण बुडायला साडेचौदा-पंधरा सेंटिमीटर पाणी हवं. काही युनिट जेमतेम दहा सेंटिमीटर खोल असतात. त्यात कांडीचं वरचं टोक हवेत राहतं आणि तिथलं रेत शेवटी, सावकाश वितळतं. अशा डब्यात कांडी आडवी टाकायची सोय असेल तर ठीक, नाहीतर तो डबा बाद. पाणी मात्र काठोकाठ भरू नका, हिंदकळतं आणि आतल्या सर्किटवर जातं. बंद पडलेल्या युनिटपैकी बरेचसे याच कारणाने जातात.

तापमानाच्या अचूकतेबद्दल विक्रेते जे सांगतात ते बाजूला ठेवून घरी तपासायची एक सोपी रीत आहे. औषधाच्या दुकानात मिळणारा ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर ३७ च्या आसपास चांगला अचूक असतो, कारण तो त्याच कामासाठी केलेला असतो. त्याच्या शेजारी लांब दांडीचा, खोलवर जाणारा डिजिटल थर्मामीटर कोमट पाण्याच्या एकाच ग्लासात धरा, दोघांतला फरक बघा आणि तो फरक दांडीच्या थर्मामीटरवर पट्टी चिकटवून लिहून ठेवा. मग युनिट चालू करून हिरवा दिवा लागला की तळाशी, मध्ये आणि वरून दोन सेंटिमीटरवर अशा तीन ठिकाणी मोजा. स्वस्त युनिटमध्ये संवेदक हीटरला चिकटून असतो. त्याला ३७ दिसले की तो हीटर बंद करतो, आणि वरचं पाणी तेव्हा ३४ वरच असतं. चमच्याने एकदा ढवळा, पुन्हा मोजा. ढवळल्यावर तिन्ही आकडे जुळत असतील तर दोष युनिटचा नाही, पाण्याला वळण मिळत नाही एवढाच. वापरण्याआधी ढवळायची सवय लावली की झालं. ढवळूनही ३५ खाली किंवा ३८ वर असेल तर परत करा. आणखी एक: थर्मोस्टॅट धातूच्या पट्टीचा, टक-टक आवाज करणारा असेल तर तो किती अंशांवर बंद होतो आणि किती अंशांवर पुन्हा सुरू होतो हे अर्धा तास बसून बघा. तीन-चार अंशांचा झोका सर्रास आढळतो. डिजिटल नियंत्रक असलेले युनिट अर्ध्या अंशात राहतात, आणि पैसे मोजायचेच असतील तर त्यासाठी मोजावेत.

आता युनिटची सगळ्यात मोठी उणीव, जी कुठल्याच पत्रकावर छापलेली नसते. ते पाणी तापवतं, निववत नाही. एप्रिल-मे मध्ये विदर्भात, मराठवाड्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सहज ४२ अंशांवर असतं. ते युनिटमध्ये भरलं की थर्मोस्टॅट हीटर लावतच नाही, तयार असल्याचा दिवा लागतो आणि माणूस निर्धास्त होतो. ४२ अंशांत ३० सेकंद ठेवल्याने सगळे शुक्राणू जागीच मरतात असं नाही. पण तेवढ्यात गायीने खुंटा उपटला आणि कांडी पाण्यात चार मिनिटं राहिली, तर मग विषय संपला. ४५ च्या पुढे तर ते झपाट्याने जातात. म्हणून उन्हाळ्यात नुसत्या दिव्यावर विसंबू नका, आकडा बघा. दोन भाग टाकीतलं पाणी आणि एक भाग माठातलं मिसळलं की साधारण ३७ जमतं.

हे सगळं बघितल्यावर साध्या थर्मासचं पारडं जड का, ते कळेल. सातशे-आठशे मिलीचा, रुंद तोंडाचा, दोन भिंतींचा स्टीलचा थर्मास घ्या. अरुंद मानेचा चहाचा थर्मास नको, त्यात चिमटा फिरत नाही आणि कांडी बाहेर काढताना वाकते. सकाळी निघताना साध्या पाण्याच्या पाच वाट्यांना उकळत्या पाण्याची एक वाटी, या मापाने पाणी ३७-३८ वर येतं. हिवाळ्यात एक वाटी थोडी शिगोशीग. सोबत छोट्या थर्मासात कडक पाणी ठेवा. दुपारपर्यंत मोठ्या थर्मासातलं साडेचारशे मिली पाणी ३३ वर उतरलं असेल, तर ८० अंशांचं साधारण ४० मिली पाणी घातलं की ते पुन्हा ३७ ला येतं. गोठ्यातल्या बाईकडे चहाचं आधण मागून घेणारेही खूप आहेत, काही हरकत नाही, फक्त घातल्यावर ढवळा आणि मोजा. बोट बुडवून "कोमट आहे" म्हणणं हे मोजणं नव्हे. थंडीत गारठलेल्या बोटाला ३० अंशांचं पाणीही छान ऊन लागतं, आणि निफाडच्या पहाटे तर काय, विचारायलाच नको.

गोल तबकडीचे स्वस्त थर्मामीटर थर्मासच्या झाकणात बसवून मिळतात. ते दुचाकीच्या हादऱ्यांनी भरकटतात. महिन्यातून एकदा वर सांगितल्याप्रमाणे तापाच्या थर्मामीटरशी ताडून बघा; दोन अंशांहून जास्त चुकत असेल तर फेकून द्या, दुरुस्ती करत बसू नका.

साधन कुठलंही असो, अर्धा घोळ कांडी पाण्यात पडण्याआधीच झालेला असतो आणि दोष मात्र पाण्यावर येतो. कॅनिस्टर (नायट्रोजनच्या भांड्यात कांड्या ठेवायचा दांडीचा डबा) भांड्याच्या मानेच्या वरच्या कडेपासून पाच-सात सेंटिमीटर खालीच ठेवून कांडी उचला. आठ सेकंदांत जमलं नाही तर कॅनिस्टर पुन्हा नायट्रोजनात बुडवा, थोडं थांबा आणि मग परत प्रयत्न करा. बैलाचा नंबर वाचायला गोबलेट (कॅनिस्टरमधला कांड्यांचा छोटा पेला) मानेबाहेर काढून उन्हात धरणाऱ्याने बाकीच्या पंचवीस कांड्यांचं जे नुकसान केलं, ते पुन्हा गोठवून भरून निघत नाही. आणि ते दिसतही नाही. महिन्याभरात एकामागून एक गाई उलटायला, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर यायला लागतात, तेव्हा बैलाला नाव ठेवलं जातं.

कांडी बाहेर आली की मनगटाला एक झटका द्या, कापसाच्या टोकाला अडकलेला नायट्रोजनचा थेंब उडून जातो. मग लगेच पाण्यात, उभी. पांढरीफटक कांडी पाण्याला लागताच तिच्यावर बर्फाची पातळ साल धरते, तडतड असा बारीक आवाज येतो, साल सुटते आणि आतलं दुधाळ रेत खालीवर सरकायला लागतं. इतकं व्हायला थोडेच सेकंद लागतात, म्हणून काही जण तेवढ्यावर कांडी उचलतात. ती वितळलेली असते, पण ३७ वर आलेली नसते. घड्याळात ३० सेकंद मोजा. कधी कधी फट्कन आवाज होऊन कांडीचं बूच उडतं: सील कच्चं होतं, आत नायट्रोजन शिरला होता, तो फुगला. म्हणून तोंड पाण्यावर वाकवू नये. असली कांडी वापरायची नाही, पाणी आत गेलेलं असतं.

पाण्याचं हे प्रकरण गंभीर आहे. थॉ झालेल्या शुक्राणूला साधं पाणी लागलं की तो पाणी शोषून फुगतो आणि मरतो. कांडी टिश्यू पेपरने किंवा स्वच्छ कोरड्या कापडाने पूर्ण पुसा, मगच कापा. कापायचं ते प्रयोगशाळेत सील केलेलं टोक. कापसाचं बूच असलेलं टोक गनच्या दांड्याकडे जातं. काप काटकोनात हवा. तिरका कापला तर कांडी शीथच्या (गनवर चढवायचं प्लॅस्टिकचं आवरण) आतल्या बुचात घट्ट बसत नाही आणि दाबल्यावर रेत मागे, शीथच्या आत पसरतं. मालकाला वाटतं गाय भरली. प्रत्यक्षात निम्मा डोस शीथमध्ये असतो.

आणि मग गन. ३७ अंशांची कांडी दहा अंशांच्या थंडगार लोखंडी गनमध्ये घातली, तर थॉइंगचा सगळा खटाटोप वाया. या अचानक गारठ्याने शुक्राणूंची चाल मंदावते ती परत येत नाही. हिवाळ्यात कांडी भरण्याआधी गन कागदाने जोरात घासून उबदार करा, भरल्यावर शीथसकट कपड्यांच्या आत, अंगाला लावून न्या. काही महागड्या युनिटमध्ये गन आणि शीथ ऊबदार ठेवायची नळी जोडलेली येते. थंड भागात चारचाकीने फिरणाऱ्यांना ही सोय पैसे वसूल करून देणारी आहे, कदाचित मुख्य विहिरीपेक्षाही जास्त. उन्हाळ्यात उलट: भरलेली गन दुचाकीच्या सीटवर ठेवून गाय खोड्यात घ्यायला जाऊ नका. आधी गाय बांधा, माज खात्रीने बघा, मगच कांडी काढा. थॉ केल्यापासून १५ मिनिटांच्या आत रेतन झालंच पाहिजे. वितळलेली कांडी पुन्हा नायट्रोजनात टाकून "उद्या वापरू" हा प्रकार कुठे चालत असेल तर तो थांबवा. दुसऱ्यांदा गोठलेल्या कांडीत जिवंत असं फारसं उरत नाही.

या काटेकोरपणाची किंमत आता वाढली आहे. केंद्र सरकारच्या मानकाप्रमाणे नेहमीच्या एका डोसमध्ये किमान दोन कोटी शुक्राणू असावे लागतात आणि थॉ केल्यावर त्यातले किमान ५० टक्के पुढे सरकणारे हवेत. त्यात थोडी हेळसांड पचून जायची. लिंग विनिश्चित कांडीत (कालवडच व्हावी म्हणून निवडलेलं रेत) मात्र २० ते ४० लाखच शुक्राणू असतात, तेही यंत्रातून निवडताना आधीच थकलेले. तिथे ३४ अंशांचं पाणी आणि गार गन यांना माफी नाही. अशा कांड्या नेहमी वापरणाऱ्यांनी डिजिटल नियंत्रक असलेलं युनिट घेण्याचा विचार जरूर करावा. भ्रूण प्रत्यारोपण करणाऱ्यांनी मात्र ३७ वर कायमचं बांधलेलं युनिट घेऊ नये. गोठवलेल्या भ्रूणाची कांडी आधी काही सेकंद हवेत धरून मग २५-३० अंशांच्या पाण्यात घालतात, नाहीतर भ्रूणाचं बाहेरचं कवच तडकतं. तापमान बदलता येईल असाच डबा बघा, आणि रेताचा व भ्रूणाचा आकडा एकमेकांत मिसळू देऊ नका.

आपल्याकडे १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला 'बायफ' ही संस्था सुरू केली आणि गाय केंद्रावर नेण्याऐवजी डॉक्टरच गोठ्यावर जाण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजली. त्यामुळे रेताच्या प्रवासातला सगळ्यात नाजूक अर्धा मिनिट प्रयोगशाळेत नाही, कुणाच्या तरी अंगणात, उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर पार पडतो. विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं असतं तर युनिटची केबल एक मीटरची नसती. गाडीच्या लायटर सॉकेटपासून मागच्या दारापर्यंतही ती पुरत नाही; तीन मीटरची जाड वायर वेगळी करून घ्यावी लागते, बारीक घेतली तर व्होल्टेज पडून पाणी तापायला जास्त वेळ लागतो.

घेताना दुकानातच पाणी भरून दहा मिनिटं चालवून बघा, विहिरीची खोली मोजा, संवेदक कुठे आहे ते विचारा, फ्यूज बाहेरून बदलता येतो का ते पाहा आणि दोन फ्यूज जादा घ्या. पाणी रोज बदला, आठवड्याला विहीर घासा. बोअरच्या पाण्याने हीटरवर क्षार बसतात, मग तो तापतो पण पाणी तापत नाही. पंधरा दिवसांनी लिंबाचं पाणी तासभर भरून ठेवलं की साफ होतो. वॉरंटीत हीटर धरलाय का हे बिलावर लिहून घ्या, बहुतेक ठिकाणी धरलेला नसतो.